हे वाक्य निघालं कुठून?

आमच्या सरांना सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळालं, असा माणूस अख्ख्या जळगावात मला अजून भेटायचा आहे. त्यांच्या केबिनच्या दारात उभं राहून तुम्ही "सर, आत येऊ का?" असं विचारलंत की ते चष्म्यावरून तुमच्याकडे बघायचे, उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि म्हणायचे, "शुक्रवारपर्यंत दे. त्यापुढे नाही." म्हणजे तुम्ही अहवाल उशिरा देण्याची परवानगी मागायला आला आहात, हे त्यांनी तुमच्या चेहऱ्यावरून ओळखलेलं असायचं. खरोखरच त्यासाठी आला असाल तर तुम्ही थक्क व्हायचात. नुसती सही घ्यायला आला असाल, तर शुक्रवारपर्यंत आपण नक्की काय द्यायचं आहे या विचारात सहीशिवाय परत जायचात.

माझ्या मते सरांचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर यायचा. सरांच्या मते तो दर वेळी बरोबर यायचा, फक्त काही लोकांना आपल्या मनात काय आहे हे जरा उशिरा कळायचं.

मी त्यांच्याकडे आधी विद्यार्थिनी होते आणि पुढे दीड वर्ष त्यांच्या प्रकल्पावर मदतनीस. कॉलेज शहराबाहेर, समोर केळीच्या बागा. सर शिकवायचे संगणकशास्त्र, पण जीव अडकला होता एकाच गोष्टीत. माणूस बोलतो तेव्हा त्याला खरं काय हवं असतं, आणि ते संगणकाला ओळखायला कसं शिकवायचं? जगात यावर पुष्कळ काम झालेलं आहे, हे ते मान्य करायचे. पण ते सगळं काम सरळ बोलणाऱ्या लोकांवर झालंय, अशी त्यांची तक्रार होती. "त्यांना म्हणावं, एकदा खान्देशात येऊन दाखवा," असं म्हणून ते समाधानानं मान हलवायचे.

याच सरांनी एकदा माझ्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, होकार आणून देण्याचा विडा उचलला होता. बंगळूरच्या एका संस्थेत मला तीन वर्षांच्या संशोधनाची जागा मिळाली होती. आबा 'हो' म्हणत नव्हते आणि 'नाही'ही म्हणत नव्हते, आणि मला कळवायला आठ दिवस उरले होते. ते मी सांगणारच आहे. पण सर काय चीज होते हे आधी कळलं नाही, तर त्या रविवारी त्यांच्या शेजारी एसटीत बसून मी मनातल्या मनात देवाचा धावा का करत होते, ते तुमच्या लक्षात यायचं नाही.

सरांची सगळी विद्या एका उदाहरणावर उभी होती. चौकशीच्या खिडकीवर माणूस येतो आणि विचारतो, "चाळीसगावची गाडी गेली का?" गाडी गेलेली आहे. तर 'गेली' हे उत्तर शंभर टक्के खरं आणि काडीच्याही उपयोगाचं नाही. त्याला गाडीचं काही पडलेलं नाही, त्याला चाळीसगाव गाठायचंय. त्याच्या वाटेत एक अडसर आहे, पुढची गाडी कधी ते त्याला माहीत नाही. तो अडसर ओळखायचा आणि त्यानं न विचारता काढून टाकायचा. "सहकार्य म्हणजे एवढंच," सर म्हणायचे. "बाकी सगळी बडबड."

यासाठी त्यांच्या बुशशर्टाच्या खिशात एक वही असायची आणि वहीला दोऱ्यानं बांधलेलं पेन. पानावर तीन रकाने. पहिल्यात माणूस काय म्हणाला, दुसऱ्यात त्याला काय हवं होतं, तिसऱ्यात त्याचा अडसर. आपला अंदाज चुकला तर ती ओळ ते स्वतःच लाल शाईनं खोडायचे आणि खाली सही करायचे. कोणी काही बोललं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "थांब. हे वाक्य निघालं कुठून, आणि चाललंय कुठे?" वाक्य म्हणजे जणू एसटीच. कँटीनमध्ये कुणी "आज उकडतंय" म्हणालं तरी सुटका नसायची.

एसटीवरून आठवलं. जळगावच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तेव्हा एक बाई बसायच्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. सर त्यांना गुरू मानत. एकदा एक म्हातारबाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "अमळनेरनी गाडी कोठे लागस?" अक्कांनी त्यांच्या हातातलं एक्स-रेचं पाकीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ती गाडी नका धरू बाबा, तिच्यात उभं राहावं लागेल. दहा मिनिटांनी रिकामी लागते. तवर त्या बाकावर बसा, मी हाक मारते." सर खिडकीजवळ घडीच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी हे ऐकलं आणि आनंदानं मांडीवर अशी थाप मारली की शेजारची बाई पोराला घेऊन दुसऱ्या बाकावर गेली.

त्या स्टुलावर सर तीन आठवडे बसत होते, परवानगी काढून, रोज दोन तास. पहिले दोन दिवस अक्कांना वाटलं वरून कोणी साहेब तपासणीला आले आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं की या गृहस्थांना घरच्यांनी इथे आणून सोडलंय. चौथ्या दिवसापासून त्या त्यांच्यासाठी घरून चहा आणू लागल्या. सरांनी चहा कधी मागितला नाही, हे त्यांनी माझ्या निदर्शनास आणून दिलं आणि दुसऱ्या रकान्यात नोंदवलं.

घरी मात्र त्यांची विद्या अंगाशी यायची. मेहरूणला तलावाजवळ त्यांचा फ्लॅट, मॅडम शाळेत मराठी शिकवायच्या. एका दुपारी मॅडम स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ढग आलेत बरं का." दुसरा कोणी खिडकीतून बघून "हो, आलेत" म्हणाला असता. सरांनी वाक्य कुठून निघालं आणि कुठे चाललंय ते ओळखलं, तडक गच्चीवर गेले आणि वाळत घातलेले कपडे घेऊन आले. सगळे. आपले, समोरच्यांचे आणि खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या जोडप्याचेही, कारण त्यांचाही हेतू तोच असणार. तासभर इमारतीत चोरीचा बोभाटा झाला. समोरच्या काकू तावातावानं विचारायला आल्या तेव्हा सर पलंगावर बसून घड्या घालत होते. पाऊस पडला नाही तो नाहीच. मॅडम मला म्हणाल्या, "मला भजी करायची होती गं, म्हणून ढग म्हटलं. यांना खाणार का विचारायचं होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता तूच सांग, मी तरी सरळ कुठे विचारलं?"

पण एक सांगते. परीक्षेच्या आधी पोरं विचारायची, "सर, हे येईल का हो पेपरात?" यावर बाकीचे सर चिडायचे. आमचे सर बोट वर करून म्हणायचे, "तुला हे समजलेलं नाही. शनिवारी ये." आणि शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, पंखा बंद असलेल्या खोलीत घामानं निथळत ते त्या एकट्या पोराला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे. मी स्वतः असे चार शनिवार बसले आहे. मला काहीच समजलेलं नव्हतं, आणि ते मला कोणाला सांगता येत नव्हतं. त्या निम्म्या वेळांत मी होते म्हणून मी त्यांची एवढी थट्टा करू शकते.

आता प्रकल्पाचं. सरांनी संगणकात दोन माणसं तयार केली होती, त्यांना या विद्येत एजंट म्हणतात. माझ्या आईनं हे गावात सांगितलं तेव्हा दोघीजणी विम्याचं विचारायला आल्या होत्या. एका एजंटाचं नाव अक्का. ती खिडकीत बसणारी. दुसऱ्याचं नाव नाना, तो प्रवासी. नानाला चाळीसगावला जायचं असतं, अक्काला गाड्या माहीत असतात. दोघं पडद्यावर एकमेकांशी लिहून बोलायचे. प्रत्येकानं दुसऱ्याचा हेतू ओळखायचा, दुसऱ्याची योजना मनात मांडायची आणि अडसर काढायचा. माझं काम असायचं त्यांची संभाषणं तपासणं. ती सुरुवातीला बरी होती. नाना विचारायचा, अक्का सांगायची, नाना आभार मानायचा. सरांना ती पसंत नव्हती.

"हा नाना कुठला गं?" त्यांनी मला एक दिवस विचारलं.

"कुठला म्हणजे, सर?"

"असा आल्या आल्या कामाचं बोलतो. हा आपल्याकडचा वाटत नाही."

मग सरांनी दोन महिने खपून नानाला आपल्याकडचा केला. आमच्याकडे काम घेऊन आलेला माणूस कामाचं लगेच बोलत नाही, ते बरं दिसत नाही. ज्याच्याकडे आला तोही "काय काम काढलंत?" असं विचारत नाही, कारण ते "लवकर उठा" म्हटल्यासारखं होतं. पाणी, पाऊस, पिकं, तब्येती असं सगळं होऊ द्यायचं. सरांनी हे दोघांनाही इमानेइतबारे शिकवलं. आणि मग प्रकल्प बघायला बाहेरून तीन तज्ज्ञ आले. पुढचं वर्षभर काम चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होते.

पडदा लावला. नाना म्हणाला, "राम राम अक्का." अक्का म्हणाली, "राम राम. या." नाना म्हणाला, "गर्दी दिसते आज." अक्का म्हणाली, "बाजाराचा दिवस आहे." "ऊन फार." "फार. पाणी घ्या." "घेतलं आत्ताच." "घरी बरे आहेत सगळे?" "बरे आहेत. तुमच्याकडे?" असं दहा मिनिटं चाललं. तज्ज्ञांपैकी जे प्रमुख होते ते आधी हसले, मग घड्याळ बघू लागले, मग त्यांनी विचारलं, "याला चाळीसगावची गाडी कधी मिळणार?"

"याला काहीतरी विचारायचंय हे अक्कानं केव्हाच ओळखलंय," सर अभिमानानं म्हणाले. "पण आपण विषय काढला तर त्याला हाकलल्यासारखं वाटेल, हेही तिनं ओळखलंय. आणि ती विषय काढायची वाट बघतेय हे नानानं ओळखलंय. पण आपल्याला घाई आहे असं दाखवणं त्याला प्रशस्त वाटत नाही."

"अहो, पण मग त्याची गाडी चुकेल."

"चुकतेच," सर म्हणाले. "माझ्या मामांची दोनदा चुकली आहे."

काम चालू राहिलं, कसं ते मला आजही कोडं आहे. प्रमुखांनी अहवालात लिहिलं की यंत्रणा फार सुसंस्कृत आहे, आता तिनं लोकांच्या उपयोगी पडायचंही बघावं. सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि ते कुठून निघालं असावं याचा विचार करत संध्याकाळपर्यंत बसले.

आता सर निवृत्त झालेत. रोज सकाळी तलावाला फेरी मारतात आणि भेटेल त्याचा हेतू ओळखतात. हल्ली फोनमध्ये घरोघरी बोलणारी यंत्रं आली आहेत, ती मराठीही फाडफाड बोलतात. मॅडमनी हौसेनं त्यांच्या फोनमध्ये एक घालून दिलं. ते यंत्र दर उत्तराच्या आधी "मला समजलं" असं म्हणतं. सर त्याच्याशी पाच मिनिटं बोलले, मग फोन टेबलावर पालथा ठेवला. "याला फार लवकर समजतं," ते मला फोनवर म्हणाले, मॅडमच्या. माझं आजचं काम अशाच यंत्रांचं आहे, तेव्हा मी जळगावच्या पावसाचं विचारलं.

तर आबांची गोष्ट. आमचं गाव शिंदखेड्याकडे, धुळ्याहून पुढे. आबा शेती करतात, कमी बोलतात. बंगळूरचं पत्र आलं तसा मी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "आबा, जाऊ का?" आबा म्हणाले, "पाहू." मग कपाशीला बोंडं कशी लागली ते सांगितलं. एरवी मी शनिवारी घरी जायचे, पण तेव्हा कामात अडकले होते. पंधरा दिवसांत मी चार वेळा फोन केला आणि चार वेळा "पाहू" आणि कपाशी. आबांचा शब्द नसताना निघून जाणं मला जमलं नसतं. आणि त्यांच्यामुळे राहिले असते, तर मी जन्मभर आतल्या आत धुमसत बसले असते, हेही मला माहीत होतं. मी प्रयोगशाळेत बसून रडले. सरांनी बोट वर केलं.

"वडील काय म्हणाले, शब्दशः सांग." मी सांगितलं. त्यांनी आबांचं वाक्य वहीत उतरवलं, अर्धा तास त्याकडे बघितलं, तीन अडसर लिहिले आणि वही मिटली. "रविवारी तुझ्या गावी जाऊ," ते म्हणाले. "माणसाच्या मनात अडसर असतो. तो एकदा काढला की झालं." माझं "जाऊ का?" हे वाक्य मात्र कोणी तपासलं नाही. त्यांनीही नाही आणि मीही नाही.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, धुळ्याला गाडी बदलली. वाटेत कंडक्टरनं सरांना "कुठं जायचं?" असं विचारलं तेव्हा तो उभं राहून दमलाय हे ओळखून सरांनी त्याला खिडकीजवळची जागा देऊ केली. माझा धीर इथेच सुटत चालला होता.

आबा ओट्यावर खाट टाकून वाट बघत बसले होते. "या सर, बसा." पाणी झालं. सर मूळचे अमळनेरजवळच्या खेड्यातले, ओट्यावर टेकले आणि त्यांची जीभ गावाकडे वळली. "पानी कसं शे तुमनाकडे?" "बरं शे." मग पाऊस, बोंडअळी, धुळ्याचा रस्ता. मग सरांच्या चुलत बहिणीला आमच्या शेजारच्याच गावात दिलेली निघाली, त्यात अर्धा तास गेला. मी आत आईबरोबर वांगी भाजत होते आणि एकेक शब्द ऐकत होते. सर काय कामासाठी आलेत हे आबांना ठाऊक होतं. आबांना ते ठाऊक आहे, हे सरांना ठाऊक होतं. आणि दोघांपैकी एकही विषय काढायला तयार नव्हता. ओट्यावर दोन नाना बसले होते, अक्का कोणीच नव्हती. माझी गाडी चुकणार, दुसरं काय.

जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. आई "वाढू का?" म्हणाली की सर "नको" म्हणायचे आणि आई वाढायची. हे सरांनी पहिल्या खेपेलाच बरोबर ओळखलं होतं, म्हणून ते "नको" म्हणताना ताट पुढे करत होते.

सुपारी झाल्यावर सरांनी बोट वर केलं. मी दाराआड डोळे मिटले.

"भाऊ," सर म्हणाले, "तुमना मनात पोरीच्या लग्नाचं आहे. तीन वर्षं जातील म्हणून तुम्ही थांबलात."

आबा शांतपणे म्हणाले, "लगीननं तिनं ती पाही. माले त्यानी काळजी नही."

सरांनी मान डोलावली. "मग एकटी पोरगी, परकं गाव."

"जळगावले एकलीच ऱ्हास ना ती."

"मग लोक. भाऊबंद काय म्हणतील..."

आबा पहिल्यांदा हसले. "लोके तं म्हनतस, धाडी द्या."

सरांच्या वहीतले तिन्ही अडसर संपले. त्यांचं बोट हळूहळू खाली आलं. इतकी वर्षं मी ते बोट बघत होते, पण असं उत्तराशिवाय खाली येताना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त. मग सरांनी जे केलं ते मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी अगदी सरळ, साध्या माणसासारखं विचारलं.

"मंग अडसर काय शे, भाऊ?"

आबांनी हातातला अडकित्ता मिटला. "सर," ते म्हणाले, "माले कोन्ही इचारंच नही."

मला राहवलं नाही. मी बाहेर आले. "आबा, चार वेळा विचारलं मी. दर फोनला जाऊ का म्हणून विचारलं."

"तू इचारं नही, बेटा. तू सांगं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "जागा भेटनी म्हने. ऱ्हावानी सोय झायी म्हने. तिकीट काढस म्हने. अन् मंग म्हने, जाऊ का. मी नको म्हनतू तं तू थांबती का?"

तिकीट खरंच पाहून ठेवलं होतं. पहिल्याच फोनला मी ते आबांना सांगितलं होतं, आणि "जाऊ का" हे त्याच्या शेवटी नुसतं जोडलं होतं, पत्राखाली 'आपली आज्ञाधारक' लिहितात तसं. आबांनी ते वाक्य कुठून निघालंय ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. सर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तिकिटाचं तू मला सांगितलं नव्हतंस." वही त्यांनी काढली नाही. "आता विचार," ते म्हणाले.

विचारायचं म्हणजे 'नको' ऐकायची तयारी ठेवायची, हे मला त्या ओट्यावर उभं असताना कळलं. तोवर माझी ती तयारी एक दिवसही नव्हती. मी आबांच्या खाटेसमोर खाली बसले. मनातलं तिकीट फाडायला मला वेळ लागला. सरांनी घाई केली नाही आणि आबांनीही केली नाही.

"आबा, मी जाऊ का?"

"नको जाऊ," आबा म्हणाले.

आत आईच्या हातातली भांडी थांबली. सरांचं तोंड उघडलं. या 'नको'चा अर्थ ते आता समजावून सांगणार, या भीतीनं मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी ते मिटलं. तीन वर्षं, ते काम, ते शहर, सगळं गेलं. मी म्हणाले, "बरं." आवाज फुटला, पण म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"तू नही ऱ्हायनी तं घर खायाले उठस," ते म्हणाले. "तू जळगावले शे तं शनिवारनी वाट पाहतस आम्ही. तठेनं कशी येशी तू? तुनी माय काही बोलत नही, मी बी बोलत नही. म्हनीसन नको म्हनं. हाई माले सांगानं व्हतं." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आते जाय."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. आई दारात येऊन रडत होती. सरांच्या तोंडात सुपारीचं खांड होतं ते त्यांनी गालात तसंच धरून ठेवलं होतं, चावायचं त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला आबा फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेभर पुन्हा कपाशी आणि पाऊस. गाडी लांबून दिसली तेव्हा आबा सरांजवळ सरकले. मी जरा बाजूला उभी होते, मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

"सर, ती तठे गई का फोनवर मी काय बोलसू? माले कपाशी अन् पाऊस, याशिवाय काही बोलताच येत नही."

सरांनी बोट वर केलं नाही. "तेच बोला, भाऊ," ते म्हणाले. "तिले बठ्ठं समजस."

मला म्हणे सगळं समजतं! मला आबांचा एकही "पाहू" समजला नव्हता. कपाशीला बोंडं लागली असं ते सांगायचे तेव्हा मी कधी एकदा फोन ठेवते असं करत असायचे. मला काहीच समजत नाही हे सरांना तीन तासांपूर्वीच, आमच्याच ओट्यावर बसून कळलेलं होतं. आपली एकेक चूक लाल शाईनं खोडून खाली सही करणारा हा माणूस, पण माझ्या बापाच्या डोळ्यांत बघून त्यांनी ते ठामपणे सांगितलं आणि आबांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. आबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी "बरं" म्हटलं आणि गाडीला हात दाखवला.

सरांना खोटं बोलताना मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. दर रविवारी आबांचा फोन येतो, कपाशी कशी आहे, पाणी किती पडलं ते सांगतात, आणि सरांचं ते खोटं खरं करायला मी कान देऊन ऐकत बसते.